डावा डोळा

उधन्याला आमच्या समोरच्या खोलीत राहणारे काका गेली कित्येक वर्षं कारखान्यात एका डोळ्याला भिंग लावून हिरे घासतात. त्यामुळे काहीही पारखायचं झालं की त्यांचा डावा डोळा आपोआप मिटतो. टोमॅटो घेतानासुद्धा. भाजीवाली वैतागते, "काका, हिरा आहे का तो?"

लेकीच्या साखरपुड्याला तिच्यासाठी अंगठी घ्यायची ठरली, तेव्हा मी त्यांनाच सोबत नेलं. दुकानदाराने एकाच किमतीचे दोन हिरे पुढे ठेवले. मी अर्थातच मोठ्याकडे बोट केलं. काकांनी डोळा मिटून दोन्ही पाहिले आणि मोठा बाजूला सारला.

"हाऊ नको, भाऊ. वजन राखाकरता घाट बिघाडेल शे. उजेड खालून गळी जास."

मग एकदम मलाच विचारलं, "पोर काय काम करस?"

"शिलाई मशीनवर बसते दिवसभर."

"मंग खडा उघडा नको. चारी बाजू सोनं बसाडा, नहीतं दोरा अडकी. हिरा घसास नही, पन ठोकायना ते टवका उडस."

मला किमतीचा घोर होता, त्यांना तिच्या बोटांचा.

अंगठी तयार होऊन आली. लेकीने ती घालून हात त्यांच्यापुढे धरला. "काका, बघा ना, कशी आहे?"

"एक नंबर शे," ते म्हणाले. पण अंगठीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि त्यांचे दोन्ही डोळे उघडे होते.