खांद्यावरचा हात

भाऊजी सध्या कांद्यावर पसरलेत. म्हणजे त्यांचा फ्लेक्स. ते रिटायर होऊन आले तेव्हा पोरांनी वेशीत लावलेला बारा फुटी फ्लेक्स आम्ही आता कांद्याच्या ढिगावर झाकायला वापरतो. वारा सुटला की रणगाडा फडफडतो, विमान उडायला बघतं, आणि भाऊजींच्या पोटावर दगड ठेवावे लागतात.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. सतरा वर्षं मिलिटरीत होते. गावाला वाटतं, सतरा वर्षं ते बंदूक रोखून सीमेवर उभेच होते. ते रेशनच्या स्टोअरला होते. आटा, डाळ, तेलाचे डबे, दुधाची पावडर. बर्फात राहिले, डोंगरात राहिले, पण स्टोअरलाच. त्यांनी हे कधी लपवलं नाही, गावानंच ऐकून घेतलं नाही. सुट्टीवर आले की पारावरची पोरं विचारायची, "भाऊ, किती मारले?"

"उंदीर लई मारले," भाऊजी म्हणायचे.

पोरं हसायची आणि एकमेकांना सांगायची, खरा शूर माणूस बोलून दाखवत नाय. मग आवाज खाली घेऊन विचारायची, "भाऊ, कॅन्टीनची बाटली आणली का एखादी?" आमच्या गावाचं देशप्रेम सव्वीस जानेवारीला सकाळी झेंड्यापाशी उगवायचं आणि भाऊजी घरी असले तर संध्याकाळी त्यांच्या बॅगेपाशी मावळायचं.

भाऊजींनी लग्न केलं नाही. दर सुट्टीला सासूबाई दोन-तीन पोरी शोधून ठेवायच्या आणि दर सुट्टीला भाऊजींना अचानक ड्युटीवर बोलवणं यायचं. गावानं त्यालाही चांगलं नाव दिलं. म्हणे, त्यानं देशाशी लग्न केलं. मला नवल वाटायचं. देश कधी चहा करून देतो का, पाठ दुखली तर चोळून देतो का?

मला खरं कळलं ते कुरडयांमुळं. एका उन्हाळ्यात मी गच्चीवर कुरडया वाळत घालायला गेले, तर भाऊजी टाकीमागं फोनवर बोलत होते. हिंदीत. "दवा ली? खाना खाया? झूठ मत बोल." आवाज इतका मऊ की मी आहे तिथंच थांबले. माझ्या लग्नाला तेव्हा सोळा वर्षं झाली होती. "जेवलीस का" असं मला आजवर फक्त डॉक्टरनं विचारलंय, तेही रिकाम्या पोटी रक्त घ्यायचं होतं म्हणून.

भाऊजींनी मागं वळून पाहिलं. त्यांनी फोन घाईनं खिशात सारला. "वहिनी, बडीचा फोन होता."

"बडी म्हणजे?"

त्यांनी समजावून सांगितलं. मिलिटरीत दोघा-दोघांची जोडी लावून देतात. एकानं दुसऱ्याला सांभाळायचं. एकत्र जेवायचं, एकत्र झोपायचं, एक आजारी पडला तर दुसऱ्यानं उचलायचं. त्याला बडी म्हणतात. त्यांचा बडी पहाडातला, पार वर हिमालयाकडचा. अकरा वर्षं एकाच स्टोअरला दोघं. मला वाटलं, आमच्यात पत्रिका जुळवा, मध्यस्थ धरा, मानपान करा, तरी असं जमत नाही. यांचं सरकारनं फुकटात जमवलं.

मी तशीही फारशी बोलत नाही. भाऊजीच बोलत गेले आणि मला सगळं कळलं. शेवटी म्हणाले, "बाहेर आता हा गुन्हा नाय राहिला वहिनी. पण मिलिटरीत कळलं तर घरी पाठवतील. वर्षं वाया जातील. कुणाला सांगू नका."

मी म्हणाले, "नाय सांगत. पण आलाच आहात तर ह्या कुरडया उलटायला लागा."

ते लागले. सुबक उलटल्या, एकसुद्धा मोडली नाही. मिलिटरीत हे सगळं शिकवतात. बटणं लावायची, इस्त्री करायची, चादरीची विटेसारखी घडी घालायची, पन्नास माणसांच्या पोळ्या लाटायच्या, एकमेकांचे केस कापायचे. पुरुषांनी पुरुषांसाठी केलं की ती शिस्त होते. आम्ही तेच जन्मभर करतो, आमचा फ्लेक्स कुणी लावला नाही.

मग भाऊजी कायमचे परत यायचे ठरले. पोरांनी मिरवणूक ठरवली आणि फ्लेक्ससाठी फोटो मागितला. वर्दीतला चांगला फोटो एकच होता आणि त्यात शेजारी बडी उभा होता, भाऊजींच्या खांद्यावर हात टाकून. मंचरच्या फ्लेक्सवाल्यानं शेजारचा माणूस काढून टाकला. हात मात्र काढता येईना. हात काढला की बाहीवरच्या पट्ट्या जात होत्या, आणि पट्ट्यांशिवाय हवालदार कसला? पोरं म्हणाली, राहू दे हात.

असा तो फ्लेक्स वेशीत लागला. मागं रणगाडा, वर विमान, मध्ये भाऊजी, आणि त्यांच्या खांद्यावर कुठूनसा आलेला, सुपाएवढा मोठा हात. करंगळीचं वरचं पेर नसलेला.

गावात चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं, मोठ्या साहेबाचा हात आहे. एक म्हातारा म्हणाला, भारतमातेचा. दुसरा म्हणाला, "भारतमातेच्या हातावर एवढं केस आस्त्यात व्हय?" शेवटी सासूबाईंनी निकाल दिला. त्यांनी सतरा वर्षं ग्रामदैवताला साकडं घातलं होतं की पोराच्या पाठीशी राहा. "देवाचाच हात हाय त्यो. करंगळी बघा. मूर्तीची पण झिजलीय." आणि त्या स्टुलावर चढून हाताला हळदकुंकू लावून आल्या. दुसऱ्या दिवशी दोघी-तिघींनी लावलं. तिसऱ्या दिवशी तिथं नारळ फुटला.

मिरवणुकीच्या दिवशी सकाळी देव एसटीतून उतरला.

खांद्यावर पिशवी, पिशवीत राजमा आणि अक्रोड. बडी चार महिने आधी रिटायर झाला होता. मराठी भाऊजींकडूनच शिकलेला, आणि भाऊजी स्टोअरमध्ये हाताखालच्यांवर ओरडायचे तेवढीच. उंबऱ्यात सासूबाईंच्या पाया पडून म्हणाला, "आई, हलू नको, जागेवर उभा राहा."

सासूबाई खरंच जागेवर उभ्या राहिल्या. मग तोंडाला पदर लावून हसल्या. मी चहा दिला. त्यानं कप धरला तेव्हा त्या हसायच्या थांबल्या. करंगळीकडं बघत म्हणाल्या, "ही कशानं गेली?"

"बर्फ खा गया, आई."

"माझं पोरगं व्हतं का तवा तितं?"

"वही तो नीचे लाया. पीठ पे. पूरी रात चला."

भाऊजींनी हे घरी कधी सांगितलं नव्हतं. गाव शौर्याची गोष्ट मागत होतं आणि हे उंदरांच्या सांगत बसले. सासूबाईंनी कप उचलला आणि मोरीत नेऊन ठेवला.

पण त्यांचा बेत पक्का होता. जुन्नरकडची एक पोरगी बघून ठेवली होती. सत्कार झाला की त्याच स्टेजवर, सगळ्या गावासमोर सुपारी फोडायची. सुपारी फोडली म्हणजे लग्न ठरलं, मग माघार नाही. सगळ्यांदेखत भाऊजींना पळता येणार नाही, ही युक्ती सासूबाईंच्या भावाची, आमच्या मामांची. सुपारी माझ्याकडं दिली होती. मी ती पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली.

दुपारी भाऊजी स्वयंपाकघरात आले. मी मासवडीचं सारण परतत होते. ते म्हणाले, "वहिनी, सुपारी फुटली तर तो संध्याकाळच्या गाडीनं जाईन म्हणतो. परत येणार नाय."

"मग तुमी स्टेजवर नाय म्हणा."

"आईसमोर? आख्ख्या गावात?"

"मिलिटरीत व्हता ना तुमी?"

"स्टोअरला होतो वहिनी."

मला त्यांचा राग आला आणि हसूही आलं. पाटा-वरवंटा त्यांच्या पुढ्यात ढकलून म्हणाले, "मग वाटण तरी वाटा."

मिरवणूक उघड्या जीपमधून निघाली. पोरांनी पाहुण्यालाही फेटा बांधून वर चढवलं. दोन फौजी म्हणजे मिरवणूक दुप्पट. डीजेचा आवाज असा की गाईनं दावं तोडलं. वेशीत जीप थांबली, आम्ही बाया ताटं घेऊन ओवाळायला पुढं झालो. ड्रायव्हरनं मध्येच क्लच सोडला, जीप हिसकली, भाऊजी पुढं तोल जाऊन पडणार तेवढ्यात बडीचा हात त्यांच्या खांद्यावर आला. वर फ्लेक्सवर तोच खांदा, तोच हात, कुंकवानं लाल झालेला. सासूबाईंनी वर पाहिलं, खाली पाहिलं, परत वर पाहिलं. त्यांच्या ताटातली ज्योत वाऱ्यानं विझली, तरी त्या दोघांना ओवाळतच राहिल्या.

स्टेज ग्रामपंचायतीसमोर होतं. एका पुढाऱ्यानं भाषण केलं. "ह्या वीरानं देशासाठी संसाराचा त्याग केला!" टाळ्या. भाऊजी बुटांकडं बघत होते. लगेच मामांनी माईक घेतला. "आता त्याग बास झाला. आज इथंच सुपारी फोडायची!" आणखी टाळ्या.

नवरी मुलगी पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसली होती. भाषण चालू असतानाच मला हळूच म्हणाली होती, "ताई, फौजी म्हंजे वर्षातनं दोनदा येईल म्हणून हो म्हणले. हा तर कायमचा घरी आला की." म्हणजे लग्न मोडलं तर तिचं मन मोडेल, ही काळजी मला उरली नव्हती.

"सूनबाई, सुपारी आण!" मामा ओरडले.

मी उठले. मांडवाच्या टोकाला बडी उभा होता. फेटा काढून हातात घेतलेला, पिशवी खांद्याला. गाडीला अजून अर्धा तास होता. मी स्टेजच्या तीन पायऱ्या चढले. मी चारचौघांत कधी बोललेली नाही. बचत गटातही माझं नाव दुसरीच सांगते. कुणीतरी माईक माझ्या तोंडासमोर धरला.

"सुपारी आणली नाही," मी म्हणाले.

चारही भोंग्यांतून ते गावभर गेलं. कालव्यापलीकडच्या वस्तीलासुद्धा कळलं की मी सुपारी आणली नाही.

"आगं, सकाळी तुझ्या हातात दिली की!" मामा म्हणाले.

"न्हाई सापडत."

गर्दीतनं कुणी म्हणालं, "त्यात काय, शेठच्या दुकानातनं आणा. दोन मिन्टांचं काम." किराणावाले शेठ तिसऱ्या रांगेतच होते. ते किल्ल्या काढत उठलेसुद्धा. मी सासूबाईंकडं पाहिलं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. माझ्या पदराच्या टोकाकडं बघत होत्या, जिथं गाठ टंच फुगली होती. मला वाटलं, झालं.

त्यांनी माईक ओढून घेतला. "शेठ, बसा खाली."

शेठ बसले.

"भरल्या मांडवात सुपारी हरावली. माझ्या मनाला न्हाई पटत. आज काय ठरवायचं न्हाई."

"आक्का, सुपारीच ती! दुसरी आणू."

"आरं, अपशकून दुसरा आणून मोडत न्हाई."

आता यावर कोण काय बोलणार? सरकारच्या हुकमावर आमचं गाव वाद घालतं, अपशकुनावर नाही. मुलीचे वडील कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "बरोबर हाय पावणं, उगा इषाची परीक्षा नको." मुलीनं फोनवरून मान वर केली आणि माझ्याकडं बघून हसली. पुढाऱ्याला काही सुचेना, म्हणून तो "भारत माता की" असं ओरडला. गाव "जय" म्हणालं आणि मासवडीवर तुटून पडलं. संध्याकाळची गाडी गेली तेव्हा पाहुणा पंगतीत वाढत होता, आणि लोकांना दटावत होता, "गप खा! ताट साफ कर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई मला म्हणाल्या, "चल मळ्यात." मळ्यातल्या खोलीत दोघं सामान लावत होते. चादरींच्या दोन विटा शेजारी शेजारी. सासूबाई बाजेवर बसल्या आणि माझ्याकडं हात पसरला. "सोड गाठ."

मी गाठ सोडली. त्यांनी कमरेच्या पिशवीतनं अडकित्ता काढला. कट्‌कन सुपारी फुटली. एक तुकडा भाऊजींना दिला, एक त्याला. भाऊजी तोंड फिरवून खिडकीचा खिळा हलवत बसले. त्याला कशाचाच पत्ता नव्हता. त्यानं तुकडा तोंडात टाकला, चावला, आणि त्याचे डोळे पांढरे झाले. ठसका लागला, घाम फुटला, मटकन खाली बसला.

"पाणी दे त्याला," सासूबाई म्हणाल्या. "सवय न्हाई. व्हईल."

त्यानंतर कांद्याची तीन पिकं निघाली. दर वेळी आमचे हे जेवताना विचारतात, "आये, पावणं कवा जायाचं हायेत?" आणि दर वेळी सासूबाई भाकरी मोडत सांगतात, "कांदं काढून झालं की."