कोरारीच्या पुलावरचा हॉर्न

नायरी क्लिअरीला कोरारीत सगळे ओळखायचे. त्यात नवल काही नाही, हिवाळ्यात कोरारीत माणसंच जेमतेम तीस. पण तिच्याबद्दल सांगायचा हक्क माझाच. बावीस वर्षं मी त्या किनाऱ्यावरून बस चालवली, आणि गावातल्या माणसांचं बसवाल्याला जेवढं कळतं तेवढं पाद्र्यालाही कळत नाही.

ती स्वतःसुद्धा बसनंच आली होती. वय एकोणीस, पाठीवर सॅक, हिमनदी बघायला दोन रात्रींचा मुक्काम. "खिडकीला नाक लावून आले, आणि नाक परत न्यायचंच राहिलं," असं ती पाहुण्यांना सांगायची. खरं कारण डेस होता. तो वाटाड्या. रोज सकाळी कुऱ्हाडीनं बर्फात पायऱ्या खोदायचा आणि लोकांना वर न्यायचा. बर्फ सरकायचा, पायऱ्या मोडायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा खोदायच्या. असल्या माणसाशी लग्न करायला वेगळीच चिकाटी लागते. त्या दोघांनी गावातलं बंद पडलेलं पोस्ट घेतलं, त्यात बारा खाटा टाकल्या आणि दारावर पाटी लावली: 'क्लिअरींकडे मुक्काम'.

डेस गेला त्याला आता बारा वर्षं झाली. हिमनदी त्याच्या आधीपासूनच मागे हटत होती. जिथे तो पाहुण्यांना बुटांच्या नाड्या घट्ट करायला सांगायचा, तिथे आज धोंडे आणि झुडपं आहेत. लोक आता मोठ्या गावातून हेलिकॉप्टरनं वर जातात, फोटो काढतात आणि जेवायला परत. पाठीवर बिऱ्हाड घेऊन बसनं येणारे कमी झाले. उन्हाळ्यात खेपेला सहा-सात, हिवाळ्यात एखादा जर्मन, तोही वाट चुकलेला.

गावाच्या खाली नदीवर एका गाडीपुरता पूल आहे. वळणामुळे पलीकडचं धड दिसत नाही, म्हणून शंका आली की हॉर्न वाजवायचा नियम. मी त्यात माझी भर घातली. नायरीकडे उतरणारी जितकी माणसं, तितके हॉर्न. पुलापासून तिच्या फाटकापर्यंत दहा मिनिटांची वळणं. तेवढ्यात ती शेगडी मोठी करायची, मटण-बार्लीचं सूप गरम करायची आणि तितके वाडगे मांडायची. एकदा मी पाच वाजवले आणि सहावी मुलगी मागे कोटांखाली झोपलेली निघाली. नायरीनं सगळ्यांसमोर माझी हजामत केली.

डेसच्या वर्षश्राद्धाला आम्ही जमलो होतो, तेव्हा ती म्हणाली, "ज्या दिवशी बस माझ्यासाठी एकही माणूस आणणार नाही, त्या दिवशी पाटी उतरवीन आणि शोनाकडे जाईन." शोना तिची मुलगी, ऑस्ट्रेलियात पर्थला असते. दर रविवारी फोन करून 'आई, ये' म्हणते. बाकीचे हसले. मला हसू आलं नाही. नायरी उगाच बोलणाऱ्यांतली नव्हती.

त्याच जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, बस रिकामी आली. पहिल्यांदाच. काय करावं ते मला सुचेना. पुलावर पोचलो तर मधोमध एक वेका उभा. उडता न येणारा, कोंबडीएवढा, महाचोर पक्षी. कुणाचा तरी मोजा चोचीत धरून माझ्याकडे बघत होता. मी हॉर्न दाबला. एकदा. पुढच्या वळणावर लक्षात आलं आपण काय केलंय.

नायरी पळी घेऊन फाटकात उभी होती.

"कुठाय?"

"काय कुठाय?"

"एक वाजवलास ना? माणूस कुठाय?"

वेका होता म्हणालो असतो तर संपलंच होतं. "मीच," म्हटलं. "भूक लागलीय."

"बसवाल्याला माणसात धरतात होय?"

"आजपासून धर."

तिनं रिकाम्या बसकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आत ये. बूट बाहेर काढ."

तेव्हापासून बस रिकामी असली की मी एक हॉर्न वाजवायचो, वेका असो नाहीतर नसो. वीस मिनिटं बसायचो. आम्ही पावसाबद्दल बोलायचो, खचलेल्या रस्त्याबद्दल, डेसच्या तिरसटपणाबद्दल. मग मी पुढच्या गावी मुक्कामाला जायचो. माझं लग्न झालं नाही, घरी माझ्यासाठी वाडगा मांडणारं कुणी नव्हतं. त्या वीस मिनिटांवर माझे अकरा हिवाळे निघाले. हे मी तिला कधी सांगितलं नाही. आमच्याकडचे पुरुष गिअरबॉक्सवर तासभर बोलतात, बाकी विषयांत दातखीळ बसते.

गेल्या जूनमध्ये एका शुक्रवारी मी निवृत्त झालो. जाता जाता शेवटचं सूप प्यायलो. "झालं तर मग," नायरी म्हणाली आणि वाडगा विसळायला गेली. मीही बूट चढवले.

शनिवारी घरी बसून स्वतःला भरपूर शिव्या दिल्या. सोमवारी दुकानात जाऊन सॅक घेतली. विकणाऱ्या मुलीनं विचारलं, "नातवाला का?" मंगळवारच्या बसचं तिकीट काढलं; हिवाळ्यात बस मंगळवारी आणि शुक्रवारीच जाते, दुसऱ्या दिवशी परतते. वाक्य ठरवलं होतं: मी राहायला आलोय, आणि दोन रात्रींसाठी नाही.

माझ्या जागी मेरेआना नावाची तरुण पोरगी आली होती. तिला मी सगळं शिकवलं होतं. दरड कुठे येते, वर्तमानपत्र कुठल्या फाटकावर टाकायचं, कुणाचा कुत्रा चावतो.

"काका, सॅकचं लेबल तरी काढा," ती म्हणाली. "नव्या नवरदेवासारखे दिसताय."

"पुढे बघून चालव," मी म्हटलं.

मी खिडकीशी बसलो. बसमध्ये दुसरं कुणी नव्हतं. बावीस वर्षांत तो समुद्र मी धड पाहिलाच नव्हता, ड्रायव्हर रस्ता बघतो. काळी वाळू, लाटांनी आणून टाकलेले पांढरे ओंडके, आणि मैलोन्‌मैल माणूस नाही. एवढा एकटा समुद्र बघून मला कसंतरीच झालं. मी पुन्हा माझं वाक्य घोकायला लागलो.

तिसऱ्या वळणावर मी ताडकन उठलो. पूल मागे पडला होता आणि हॉर्न वाजलाच नव्हता. सगळं शिकवलं होतं, तेवढं सोडून. तो मला कामाचा भाग कधी वाटलाच नव्हता.

"मेरेआना, हॉर्न!"

"कुणासाठी? सगळा रस्ता मोकळा होता, काका."

"वाजव म्हणतो ना!"

तिनं वाजवला. पण मध्ये डोंगर होता.

आम्ही पोचलो तेव्हा दारावर पाटीच्या जागी फिकट चौकोन होता. पाटी पायरीला टेकवलेली. नायरी तिच्याशेजारी पक्कड हातात घेऊन बसली होती. मला सॅकसकट उतरताना पाहून तिचं तोंड उघडंच राहिलं.

"तू बसमध्ये होतास?"

"मी राहायला आलोय," मी म्हटलं. "आणि दोन रात्रींसाठी नाही."

ती बराच वेळ पक्कड उघडमीट करत राहिली. "दहा मिनिटं, मर्व. दहा मिनिटांपूर्वी शोनाला फोन केला. तिनं बोलता बोलता तिकीट काढलं. आनंदानं रडत होती रे. इतकी वर्षं विचारतेय. आता पुन्हा फोन करून नाही म्हणू?"

म्हण, असं मला ओरडावंसं वाटलं. "नको," मी म्हणालो.

"पहिला हॉर्न वेकासाठी होता. पण वेका दर खेपेला पुलावर कसा असेल?" ती म्हणाली. "पहिल्या दिवशी शेजारच्या हॅन्सननं पाहिला होता, मोजा त्याचाच होता. मला तेव्हापासून माहीत होतं. मी माणसं मोजत नव्हते, तू वाजवतोयस का तेवढं ऐकत होते. आज वाटलं, तेही संपलं."

सूप केलेलं नव्हतं. आम्ही पाव भाजून खाल्ला. पुढचे तीन दिवस मी खाटा मोडून रचल्या आणि तिनं चादरी घड्या केल्या. ती मधूनच थांबून काहीतरी विचारायची, ही खिडकी नीट बंद होते का वगैरे, आणि मी हो म्हणायचो.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं बसमध्ये शेजारी बसलो. मला फक्त माझ्या गावापर्यंत जायचं होतं. ती पुढे विमानतळावर जाणार होती. तिच्या मांडीवर तिची जुनी सॅक होती, एकोणिसाव्या वर्षीची.

पूल आला तसा मी पुढे वाकलो.

"मेरेआना, दोन वाजव."

तिनं दोनदा हॉर्न दिला. नायरीनं माझा हात घट्ट धरला. वर कोरारीत तो ऐकून शेगडी मोठी करणारं कुणी नव्हतं.