आबांनी बेलभंडार उचलला

दारू सुटली की घर सुखी होतं, असं सांगणारी माणसं मी आयुष्यभर ऐकत आले. सभांतून ऐकलं, सरकारनं दारूबंदीचे कायदे केले तेव्हा ऐकलं, ते कायदे उठले तेव्हाही ऐकलं. दर वेळी माझी चुळबुळ सुरू होते आणि उठून बाहेर जावंसं वाटतं. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण आमच्या घरातली दारू सुटली तेव्हा मी तिथंच होते.

आम्ही मूळचे सांगोल्याकडचे धनगर. आबा, म्हणजे माझे वडील, तरुणपणीच मेंढरं सोडून सोलापुरात गिरणीत लागले. आईही त्याच गिरणीत सुताची रिळं भरायची. गिरणी सुटली की आबा सरळ शिंदीच्या दुकानात जात आणि घरी येत ते पडायलाच. मारझोड वगैरे काही नव्हती. ते घरात नव्हतेच, एवढंच. घर आई चालवायची. मी मुलींच्या शाळेत वरच्या वर्गापर्यंत पोचले होते, हेही त्यांच्या गावी नव्हतं. शाळेतल्या बाई म्हणायच्या, पुढल्या वर्षी फायनलची परीक्षा दे, मास्तरीण होशील. माझ्याबरोबरच्या मुली केव्हाच सासरी गेल्या होत्या. दारुड्याची पोरगी म्हणून मला कुणी मागणी घालत नव्हतं, आणि मला ते फार सोयीचं होतं.

तीस सालच्या उन्हाळ्यात, सत्याग्रहाच्या चळवळीत, पोरांनी ओढ्याकाठची शिंदीची झाडं कुऱ्हाडी घालून आडवी केली. बायका दुकानांच्या दारात बसायला लागल्या. शहरात पुढे काय काय झालं, लष्कर कसं आलं, ते इतरांनी लिहिलं आहे. मी आमच्या घरापुरतं सांगते. शाळेतल्या बाईंबरोबर मीही एकदा दुकानापुढे बसले. त्या दुकानात कोण येतं हे मला पक्कं माहीत होतं. आबा आले, मला बघितलं आणि जागच्या जागी थांबले. येईल त्याला हात जोडायचे, असं बाईंनी सांगितलं होतं. बापाला कसं वगळणार? मी हात जोडले. ते वळून गेले.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या खंडोबापुढे त्यांनी बेलभंडार उचलला. बेलाचं पान आणि भंडाऱ्याची चिमूट तळहातावर घेऊन दिलेली शपथ आमच्यात कुणी मोडत नाही. "आजपासनं थेंब शिवनार न्हाय," ते चारचौघांत म्हणाले. आई घरी येऊन ढसाढसा रडली. मला वाटलं, आपण जिंकलो.

मग ते घरी राहायला लागले. खरं तर राहायला नाही, फिरायला. आमच्या एका खोलीत ते भिंतीपासून दारापर्यंत आणि दारापासून भिंतीपर्यंत जायचे. हात थरथरायचे, घामानं अंगरखा भिजायचा. भांडं उचलून पुन्हा तिथंच ठेवायचे. घर अंगावर आलं की बाहेर पडायचे आणि होटगीपर्यंत चालत जाऊन परत यायचे. मेंढरांमागे फिरलेले पाय ते, पण आता पुढं मेंढरं नव्हती. त्यांच्या पावलांनी माझ्या डोक्यात घण पडायचे. पुस्तकातली एक ओळ मी तीनदा वाचायची आणि काय वाचलं ते सांगता यायचं नाही. आई चुलीपुढं बसून नुसती दाराकडे बघायची. प्यालेल्या माणसाबरोबर कसं राहायचं ते आम्हा दोघींना येत होतं, शुद्धीतल्या माणसाबरोबर कसं राहायचं ते येत नव्हतं.

हळूहळू थरथर थांबली. आबा आमच्याबरोबर जेवायला बसू लागले. "जेवलीस का?" असं त्यांनी मला पहिल्यांदाच विचारलं. त्यांचा आवाज इतका मऊ आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. मला तो आवडायला लागला, हे कबूल केलंच पाहिजे.

पण माणूस शुद्धीवर आला की त्याला दिसायलाही लागतं. एक दिवस भाकरी मोडता मोडता त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि आईला विचारलं, "हिचं लगीन का न्हाय केलंस?" आई म्हणाली, "मी करनार व्हय? तुमी बाप हाय की." त्यांची मान खाली गेली. त्या दिवसापासून त्यांच्या येरझाऱ्यांना दिशा सापडली. गल्लीत आता त्यांना मान होता, पंचांत बसायला बोलावणं यायचं. ज्या घरांनी आमच्या दाराकडे कधी पाहिलं नव्हतं ती चौकशी करू लागली. आषाढाच्या तोंडावर आबा दुधनीला गेले आणि हसत परत आले. स्थळ चांगलं होतं. घरात निम्मं कानडी बोलत, जमीन होती. शाळेचा विषय निघाला नाही, कारण मी शाळेत जाते हेच आबांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मी सांगायला तोंड उघडायची आणि पुन्हा मिटायची. बापाशी बोलायची सवयच नव्हती मला.

आषाढात मरीआईचा निवद असतो. आमच्या घरच्या रितीप्रमाणे देवीच्या दगडावर शिंदी ओतायची, आणि उरलेल्या शिंदीचा पेला लग्नाच्या वयाच्या मुलीनं घरच्या कर्त्यापुढे धरायचा. ते तीर्थ. आबांनी त्याच दिवशी दुधनीच्या पाहुण्यांना जेवायला बोलावलं. झाडं तोडल्यापासून शिंदी मिळणं मुश्कील होतं, तरी आईनं कुंभारी गावातून कुणाकडून तरी गाडगं पैदा केलं. देवीकडे निघायच्या आधी तिनं मला कोपऱ्यात ओढलं.

"पेला काठोकाठ भर," ती म्हणाली. "आन त्येंच्या हातात दे."

"आबांनी शपत घेतलीया."

"तीर्थानं शपत मोडत न्हाय. लोक शपत मोडली म्हननार न्हाईत. आन एक घोट आत गेला की ते थांबायचे न्हाईत, तुला ठावं हाय. पावनं बघतील आन आपल्या वाटंनं जातील."

याच शिंदीपायी जन्मभर रडलेली बाई. तिला माझी शाळा हवी होती. आणि मला वाटतं, हातून गेलेलं आपलं घरही हवं होतं.

दगडावर धार धरली तेव्हा तो आंबूस वास उठला आणि आबांची नाकपुडी हलली. पाहुणे मागे उभे होते. आबांनी हात पुढे केला. रीतच होती, तो हात पुढे करावाच लागायचा. पण बोटं पुन्हा थरथरायला लागली होती. मला आईचा राग आला, देवीचा राग आला, त्या हाताचा तर फारच राग आला. आणि मी पेला त्यांच्या हातात न देता सगळा दगडावर उपडा केला.

"सगळं देवीला," मी म्हणाले. आईनं तोंड फिरवलं. पाहुण्यांतला म्हातारा माझ्यावर खूश झाला आणि असली सून पाहिजे असं मोठ्यानं म्हणाला.

पाहुणे जेवून गेल्यावर मी आबांपुढे उभी राहिले. मघाशी जे केलं त्यानं मला धीर आला होता. मला लग्न नको, परीक्षा द्यायची आहे, बाई असं म्हणतात, सगळं भडाभडा बोलले. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही.

"इतकी वर्सं का न्हाय सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"कुनाला सांगू? तुमी होता कुटं?"

त्यांचा चेहरा उतरला. ते उठले, भिंतीपर्यंत गेले, परत आले. मला आशा वाटली. खोटं कशाला सांगू, चांगलीच वाटली.

"म्या त्येंना शबूद दिलाय," शेवटी ते म्हणाले. "पिऊन दिला आसता तर मोडला आसता, पोरी. शुद्धीत दिलाय."

मी दुधनीला गेले. आबांनी मरेपर्यंत दारूला हात लावला नाही.