लाल ठिपक्याचे खुबे

म्हापशाच्या बाजारात मी एकदम बारा बाटल्या लाल नेलपॉलिश मागितलं, तेव्हा दुकानदाराने चष्म्यावरून बघत विचारलं, "लगीन कोणाचें गो?" मी म्हटलं, "खुब्यांचं." तो हसला नाही. मला नखं रंगवायला आईने कधी परवानगी दिली नव्हती, त्यामुळे त्या बाटल्या पिशवीत लपवूनच मी डिचोलीच्या घरी आणल्या.

खुबे म्हणजे नदीच्या चिखलात राहणारे काळे शिंपले. आमच्याकडे सगळेच ते खातात, पण त्यांच्यावर संशोधन करणारी त्या काळात मी एकटीच असेन. नदीच्या एका पट्ट्यात खुबे किती आहेत, वर्षाकाठी किती मरतात, आणि माणसं पिढ्यान्‌पिढ्या मोठेमोठे वेचून खात आली म्हणून लहानपणीच पिलं घालणारे खुबे टिकून त्यांची जातच हळूहळू बारीक होत चालली आहे का, एवढं मला शोधायचं होतं. ओळखीचे लोक विचारत, "ह्याच्यावर डॉक्टर होतात?" सुरुवातीला मी समजावून सांगायचे. नंतर सरळ "हो" म्हणून गप्प बसायला शिकले.

जागा निवडली हळर्णची. जुन्या किल्ल्याच्या खालच्या अंगाला नदी वळते, तिथे ओहोटीला मोठा चिखलपट्टा उघडा पडतो. पद्धत साधी होती. समजा, डब्यातल्या पांढऱ्या तांदळात मूठभर लाल उकडे तांदूळ मिसळले आणि मग डोळे मिटून एक मूठ काढली. मुठीत लाल पुष्कळ आले तर डब्यात मुळात तांदूळ थोडे, कमी आले तर डबा भरलेला. मी खुब्यांच्या पाठीवर कानशीने आकडा कोरायचे, वर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचे आणि त्यांना पट्टाभर पसरून सोडायचे. पंधरवड्याने मोठ्या ओहोटीला येऊन, चिखलात रोवलेल्या माझ्या सहा खुंट्यांभोवतीचा चिखल चाळायचा आणि मोजायचं. सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, एक वाक्य सारखं ऐकवायचे: "खूण केलेला आणि न केलेला, दोघांचं नशीब सारखं पाहिजे. तिथे फरक पडला की तुझं सगळं गणित खोटं."

त्या पट्ट्यावर रोज आठ-दहा बायका खुबे वेचायच्या. त्यांच्यात सगळ्यांत वयस्क होती तिला मी मावशी म्हणायचे. विधवा, काटक, तोंडात चार दात. भातशेती होती ती दिरांकडे गेली, तिच्या वाट्याला नदी आली, असं ती स्वतःच सांगायची. ओले खुबे ती पेडण्याच्या बाजारात विकायची, उरलेले सुकवून पावसाळ्याला ठेवायची. पहिल्या दिवशी तिने मला विचारलं होतं, "खूण कित्याक करता गो बाय?" मी म्हटलं, "हे माझे खुबे. अभ्यासाला." तिने मान हलवली. मला वाटलं समजलं. तिला समजलंच होतं, मलाच समजलं नव्हतं.

गोवा नुकतंच राज्य झालं होतं. राज्याची भाषा मराठी की कोंकणी यावरून झालेली भांडणं अजून निवळली नव्हती, आमच्या घरातही जेवताना आवाज चढायचे. मी थिसिससाठी टिपणं मराठीत काढायचे, मावशीशी कोंकणीत बोलायचे आणि सरांशी इंग्रजीत खोट्या आत्मविश्वासाने बोलायचे. नवं राज्य, नवी खाती, आणि प्रत्येक खात्याला अहवाल हवा होता. सरांनी मत्स्य खात्याला आमचा एक दिला.

अहवालात मी काय लिहिलं होतं ते मला आजही पाठ आहे. प्रत्येक खेपेला माझ्या चाळणीत लाल ठिपके वाढत चालले होते. म्हणजे डबा रिकामा होत होता. दोन वर्षांत खुबे इतके घटले की हे असंच चाललं तर पट्टा ओस पडेल, म्हणून वेचणं काही वर्षं पूर्ण बंद करावं, अशी शिफारस मी केली. मावशीकडे पाहून मला वाईट वाटायचं, पण आकडे आकडे असतात, असं मी स्वतःला बजावायचे. खात्याकडून उत्तर आलं की शिफारस पटली आहे, आदेश लवकरच निघेल.

त्यानंतरच्या खेपेला मला कोणीतरी जीपमधून लिफ्ट दिली आणि मी नेहमीच्या बसच्या तासभर आधीच नदीवर पोचले. काठावरूनच दिसलं, मावशी माझ्या तिसऱ्या खुंट्यापाशी वाकली होती. लुगड्याच्या ओच्यातून एकेक खुबा काढून ती चिखलात ठेवत होती. लाल ठिपक्याचे. मग ती चौथ्या खुंट्याकडे गेली.

मला आधीच राग लवकर येतो. मी चपला हातात घेऊन चिखलातून धावत गेले आणि ओरडले, "मावशे, हे काय करतेस? कोणी सांगितलं तुला?" माझ्या डोक्यात वेगळंच आलं होतं. बंदीचं हिला कळलं असणार, आणि ही माझं काम बिघडवते आहे.

ती दचकली, पण ओशाळली नाही. "तुजेच न्हू ते? आमी वेचताना मेळतात. तुका साऱ्या चिखलांत सोदूंक त्रास जाता. म्हणान सगळ्यो आमी तुजे वेगळे काडतांव आनी तुज्या खुट्यांकडेन हाडून दवरतांव."

"कधीपासून?"

"पयल्यापासून."

मी तिथेच चिखलात बसले. साऱ्या पट्ट्यातले लाल ठिपके त्या माझ्याच खुंट्यांपाशी आणून ठेवत होत्या आणि बिनखुणेचे तेवढे नेत होत्या, म्हणून माझ्या चाळणीत लाल वाढत होते; डब्यात खरे किती, ते त्यावरून कळणारच नव्हतं. आमच्या डिचोलीच्या परसातही फणसाला चुन्याचं बोट लावलं की तो कुणाला तरी द्यायचा म्हणून बोललेला असायचा. मग त्याला घरातलं कुत्रंसुद्धा हात लावत नाही, असं आजी म्हणायची. दुसऱ्याची खूण असलेली वस्तू खायची नाही, सापडली तर त्याच्या दारात नेऊन ठेवायची, ही रीत मी जन्मापासून पाहिली होती. आणि मी स्वतःच या बायकांना सांगितलं होतं, हे माझे खुबे. दोन वर्षं आठ-दहा बायका कंबर मोडून माझ्याशी माणुसकी राखत होत्या, आणि तिच्या जोरावर मी त्यांची नदी बंद करायला निघाले होते.

मावशीला मी सगळं सांगितलं. अहवालाचंही सांगितलं, कारण लपवायला तोंड नव्हतं. तिने हातातला लाल ठिपक्याचा खुबा उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाली, "मगे चूक आमची?"

"नाही गं. माझी."

"तर तशें बरय."

एवढंच. रडली नाही, भांडली नाही. ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

परतीच्या बसमध्ये मी सगळ्या चोरवाटा धुंडाळल्या. शिफारस तेवढी मागे घ्यायची, तक्ते तसेच ठेवायचे. कोणाला कळणार होतं? शिष्यवृत्तीचे चारच महिने उरले होते आणि घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू होतं. पण डोळ्यांपुढे सारखा मावशीचा ओचा येत होता. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दोन वर्षांचं काम गेलं, कळतंय ना?" मी म्हटलं, "कळतंय." त्यांनी कागद पुढे सरकवला आणि आम्ही खात्याला पत्र लिहिलं, की आमची मोजणी चुकीची होती, आदेश काढू नये. चूक कशी झाली तेही लिहिलं. आदेश निघाला नाही. माझी शिष्यवृत्तीही संपली, आणि मी शाळेत शिकवत शिकवत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

ह्या खेपेला मी सगळ्या बायकांना एकत्र बसवून समजावलं. खूण असलेला खुबा सापडला तर तो इतरांसारखाच वागवायचा. वेचायचा, विकायचा, खायचा. खाल्ला तर शिंपला तेवढा मला द्यायचा, विकला तर सांगायचं. मावशी म्हणाली, "तुजो खुबो आमी खावंचो?" मी म्हटलं, "खायचाच." ह्या वेळी मी विचारायलाही शिकले होते. त्यातून कळलं की सगळ्यांत मोठे खुबे ती परत पाण्यात टाकते. मला वाटलं, बघा, किती पिढ्यांचं शहाणपण. कारण विचारलं तर म्हणाली, "चाबूंक जायना गो. रबर." तिच्या चार दातांमुळे नदीतले कितीतरी थोराड खुबे वाचून पिलं घालत होते. माझा बारीक होत चाललेल्या जातीचा सिद्धान्त त्या दिवशी बराच लंगडा झाला.

काही महिन्यांनी तिने मला जेवायला बोलावलं. शेणाने सारवलेल्या ओसरीवर दोन पाट मांडले होते. उकड्या तांदळाचा भात आणि खुब्यांचं सुकं. माझ्या ताटात सात खुबे ओळखीचे होते. लाल ठिपका तिने दगडावर घासून काढला होता, कोरलेले आकडे मात्र स्पष्ट होते. मला इतकं बरं वाटलं की मी ताट बाजूला ठेवून आधी वही काढली.

लिहिताना सहज तिच्या ताटाकडे लक्ष गेलं. तिथे एकावरही आकडा नव्हता.

"मावशे, तुझ्यात माझा एकही नाही?"

ती भात कालवत राहिली. "तुजे तुका वाडले."

"आणि इतके महिने? घरी खाल्लेस कधी?"

शेवटी तिने कबूल केलं. घरी आणलेले सगळे ती विकून टाकत होती. माझा घास तिच्या घशाखाली उतरत नव्हता. मला हसू आलं. माझ्या ताटातले तीन खुबे उचलून मी तिच्या ताटात ठेवले. "खा. तुझा-माझा काही नाही त्यात."

तिने त्यातला एक उचलला, आकड्यावरून अंगठा फिरवला, शिंपल्यातलं मांस काढलं, डोळे मिटले आणि तोंडात टाकलं. चार दातांनी बराच वेळ चावत राहिली. मी घास हातात धरून वाट पाहत होते.

"बाकीच्यांसारकोच लागता," ती म्हणाली, आणि दुसरा उचलला.