वरवंट्याने राखलेली जागा

चिंचणीहून निघाले तेव्हा दादाने पाट्याला हात लावला नाही. ओट्यावर बसून फाटलं जाळं सांधत राहिला, मान खाली घालून. टमटमवाला म्हणाला, "मावशी, हा दगड एकटीने उचलणार काय? डहाणूला उतरल्यावर एसटीत कोण चढवील?" खरंच होतं. आईचा पाटा दोघांनी धरून उचलायचा असा जड. मी त्याच्यावरचा वरवंटा तेवढा घेतला, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला आणि सुक्या बोंबलांच्या पिशवीत ठेवला. आई म्हणायची, "पाटा-वरवंट्याची जोडी फोडू नये, घर फुटतं." ते मला आठवलं तेव्हा गाडी चालू झाली होती. वहिनी कुंपणापर्यंत आली. दादा नाही आला.

दादा, हे तुलाच लिहिते आहे. पाठवीन असं काही नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि तोंडाने बोलायला तर मला कधीच जमलं नाही. लहानपणी आईबरोबर मासळीची पाटी घेऊन बसायचे तेव्हा माझ्या वाटचा भावसुद्धा तूच ओरडून सांगायचास.

तुझा राग माझ्या लेकीवर, दीपावर होता. बोईसरकडे कामाला जाता जाता तिने तलासरीचा पास्कल पसंत केला, आणि तू म्हणालास, "ती नाताळवाल्यांत गेली. आता तू तिच्या दारात गेलीस तर तूही गेलीस." मी दोन वर्षं गेले नाही. पण तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं, आणि दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी तिला खाटेवरून उठायचं नाही असं सांगितलं. बाळंतपणाला पोरीने आईकडे यायचं असतं. तिची आई म्हणजे मी, तुझ्या आवारातल्या खोलीत, आणि तुझं दार तिला बंद. मग उलटं झालं. आईच पोरीकडे गेली.

तलासरीला गावाच्या मागे त्यांचा पाडा आहे. अर्धं घर कुडाचं, अर्धं विटांचं. इथे रात्री हायवेवरचे गुजरातचे ट्रक ऐकू येतात. सुरुवातीला झोपेत मला वाटायचं, भरती लागली. मग डोळे उघडले की ताडाची झाडं दिसायची आणि त्यांच्यामागे पाणी नसायचं.

आल्या दिवशी मी जेवले नाही. पोरीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न खायचं नाही, ही आपली रीत. मी आणलेले पोहे भिजवून कोपऱ्यात बसले. माझी विहीण, मार्थाबाई, कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"विहीणबाई, घर कुणाचं हे?"

"दीपाचं," मी म्हटलं.

"छट्! तिचं कुठलं? मी मेले काय? घर माझं. तुम्ही माझ्याकडे जेवताय. पोरीकडे जेवायचं तेव्हा बघू."

खाटेवरून दीपा हसली. ती हसलेली मी किती दिवसांनी ऐकली. मी भाकरी घेतली. पण मनात मी पाहुणीच होते. वस्तीची एसटी कशी रात्री गावात थांबते आणि उजाडलं की निघते, तशी मी आले होते. बाळ झालं की परत जायचं. परत कुठे, ते मात्र ठरत नव्हतं.

नाताळ जवळ आला तशी घरात लगबग सुरू झाली. पास्कलने कामट्यांचा तारा करून त्याला कागद लावला. ओसरीच्या कोपऱ्यात त्यांनी येशूजन्माचा छोटा गोठा बांधला. आपल्या गणपतीच्या मखरासारखंच सगळे त्याच्याभोवती. कारवीच्या काड्यांच्या भिंती, त्यावर गेरू, वर नवा पेंढा. मार्थाबाईने तांदळाच्या पिठाने भिंतीवर माणसं काढली, हातात हात धरून नाचणारी. मग त्यात मातीची मरियम ठेवली, जोसेफ, एक गाय, शेळ्या. आणि मधे एक एवढासा लाकडी पाळणा. त्यात नुसता पेंढा.

चोवीस तारखेला दुपारी सगळे चर्चकडे साफसफाईला गेले. घरी मी आणि दीपा. तिचा डोळा लागला होता. मी ओसरीवर आले तर वाऱ्याने तो पाळणा हलत होता. रिकामा. दादा, तुला माहीत आहे, रिकामा पाळणा आपण हलू देत नाही. आत पोटुशी पोर निजलेली, एकदा पोळलेली, आणि बाहेर रिकामा पाळणा हलतोय. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात काय घालतो आपण? मी आत गेले, वरवंटा काढला, धुतला, लुगड्याच्या तुकड्याचं टोपडं करून त्याला घातलं आणि पाळण्यात ठेवला. पाळणा हलायचा थांबला. मला बरं वाटलं.

संध्याकाळी सगळी परत आली. आधी पास्कलच्या काकूने पाहिलं.

"अगो बाय! हे काय? मसाला वाटायचा दगड? येशूबाळाच्या जागेवर?"

पोरंटोरं जमली. कुणीतरी फिसकन हसलं. काकूचा आवाज चढला. "समुद्रावरच्या लोकांना काही कळतं का? पवित्र जागा आहे ती! घरभर बोंबलाचा वास केला तो केला, आता गोठ्यातपण!"

मी भिंतीला टेकले होते. मनात म्हणत होते, उद्या सकाळच्या गाडीने जाईन. पण दीपाला सोडून कशी जाऊ? आणि जाऊन उतरू कुणाच्या दारात?

मार्थाबाई पुढे आल्या. पाळण्यात वाकून पाहिलं. "कुणी ठेवलं?" त्यांनी विचारलं. आवाज रागाचा नव्हता, पण हसरापण नव्हता.

मला पुष्कळ सांगायचं होतं. तोंडातून एवढंच आलं, "रिकामा होता."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग आत दीपाच्या खाटेकडे पाहिलं. मग पुन्हा पाळण्याकडे. त्या तिथेच ओसरीवर खाली बसल्या.

"ऐक गं," त्या काकूला म्हणाल्या, "बाळ उद्या सकाळी ठेवायचं, म्हणून आम्ही पाळणा रिकामा ठेवतो. दरवर्षी. आमच्या कुणाच्या काळजाला लागत नाही ते. हिच्या लागलं. मरियम दिवस भरलेली दारोदार फिरली, तेव्हा त्या गावात एकीने जरी असं म्हटलं असतं, की जागा राखते गं तुझ्या लेकराची, तर त्याला गोठ्यात कशाला निजावं लागलं असतं?"

काकू पदराने गोठ्यावरची धूळ झटकायला लागली, धूळ नव्हती तरी.

मार्थाबाई माझ्याकडे वळल्या. "पण विहीणबाई, धुतलाय ना नीट? नाहीतर देवाच्या डोळ्यांत मिरची जायची."

"धुतलाय," मी म्हटलं.

"मग राहू दे. सकाळपर्यंत तोच राखील जागा."

तेव्हा मात्र सगळेच हसले. काकूपण. आणि मी रडले, ते मोरीत जाऊन, कुणाला दिसू नये म्हणून.

सकाळी मी त्यांच्याबरोबर चर्चमध्ये गेले. मागच्या बाकावर बसले. फादर म्हणाले, देव आभाळात राहू शकला असता, पण तो माणसांमध्ये वस्तीला आला, आणि जाण्यासाठी आला नाही. बाकीचं मला फारसं कळलं नाही. वस्तीला हा शब्द मात्र कळला. घरी येऊन मार्थाबाईने वरवंटा काढून माझ्या मांडीवर दिला आणि मातीचं बाळ दीपाच्या हातात. पास्कलने गोठाच उचलून तिच्या खाटेपाशी नेला होता. तिने बाळ ठेवलं. मग आम्ही तिच्याच खोलीत जमिनीवर पंगत मांडली, कोंबडीचा रस्सा, तांदळाच्या भाकरी, आणि काकूने मागून घेतले म्हणून भाजलेले बोंबील.

फाल्गुनात दीपाला मुलगी झाली. स्टेला नाव ठेवलं, त्याचा अर्थ तारा म्हणे, म्हणून मी तिला चांदणी म्हणते. बाप्तिस्मा चर्चमध्ये झाला, आणि घरी पाळण्यात तिच्या आधी तोच वरवंटा निजला. मार्थाबाईने त्याला स्वतः टोपडं शिवलं होतं.

इतकी वर्षं झाली, मी अजून इथेच आहे. माझा देव्हारा ओसरीच्या आतल्या भिंतीला आहे, नाताळात गोठा त्याच्या पलीकडच्या बाजूला येतो. दोन्हीकडे दिवा चांदणीच लावते. बाजारात मी आता गुजरातीत भाव करते, हळू आवाजात, पण करते. आणि डिसेंबर लागला की मार्थाबाई म्हणतात, "विहीणबाई, तुमचं दगडाचं पोर काढा. थंडी पडली."

वहिनी कधीकधी फोन करते. तू बाजूला बसलेला असतोस, दादा. तुझा खोकला मला ऐकू येतो. ती म्हणाली, आईचा पाटा तू विहिरीपाशी नेऊन ठेवलास आणि दुसरा वरवंटा त्यावर कुणाला टेकवू देत नाहीस. बोलायला मला कधी जमलं नाही. आता तुलाही जमत नसेल. दोघांचं सारखंच झालं.

मला वाटायचं, घर म्हणजे चिंचणी, आपला ओटा, वाळत घातलेल्या बोंबलांच्या काठ्या. ते अजूनही आहे. पण आता वाटतं, आपण आलो नसलो तरी जिथे आपली जागा कुणीतरी राखून ठेवतं, ते घर.

म्हणून नाताळच्या दिवशी पंगतीत मी एक पाट जास्त मांडते. मार्थाबाई विचारत नाहीत, त्यासमोर त्या पान वाढतात. बाळ पाळण्यात गेलं की वरवंटा मोकळा होतो. तो मी त्या पाटावर ठेवते.

दादा, पाटा जड होता. वरवंटा काही तेवढा जड नाही. तू बसायला आलास की मी एका हाताने उचलीन.