रंगाखालचं तेल

भाऊ गेल्याचा फोन आला, तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होते. शेजाऱ्याने एवढंच सांगितलं, की भाऊ बोटीजवळ पडला, भंडाऱ्याला आणेपर्यंत राहिला नाही. बोटीजवळ... म्हणजे पाण्यात नव्हे. घरामागे पालथी घातलेल्या बोटीच्या बुडाशी, हातात थिनरने भिजलेली चिंधी. डॉक्टर म्हणाले, हृदय. असेल. पण या उन्हाळ्यात तो रोज थोडा थोडा संपत चालला होता, हे मी पाहिलं होतं.

धरणाचं पाणी आमच्या धानाच्या बांध्यांवर चढलं, तेव्हा समोरच्या काठावरची गावं डोळ्यांना दिसायची, पण एसटीने वळसा घालून जायला अर्धा दिवस मोडायचा. भाऊने कुठूनशी एक जुनी, फायबरची मोटारबोट आणली. बाळंतिणी, दुधाचे कॅन, कधी आख्खं वऱ्हाड, असं सगळं त्याने पार केलं. ‘एसटीत उभं राहा लागते, माह्या गाडीत सारे बसून जातेत,’ असं तो ऐटीत सांगायचा. यंदा मात्र परवानगी देणाऱ्यांनी बजावलं, की बुडाचा रंग सुटलेला आहे, तो नीट झाल्याशिवाय बोट चालणार नाही. बोट नाही तर नागपूरला जाऊन कुठल्यातरी इमारतीच्या फाटकावर बसायचं, एवढंच त्याच्यापुढे उरलं होतं. पन्नाशी ओलांडलेल्या, जन्मभर नदीशी राहिलेल्या माणसाला त्याची धास्ती वाटायची.

त्याने सगळा रंग खरवडला, पॉलिश पेपरने बूड घासलं, प्रायमर लावला, वर निळा रंग दिला. थोड्याच दिवसांत फोड आले. तांदळाएवढे, मग बोराएवढे. पुन्हा खरवडलं, दुसरा रंग आणला. पुन्हा फोड. येणारेजाणारे थट्टा करायचे, ‘का गा, तुह्या बोटीले देवी आली काय?’ तोही आधी हसायचा. नंतर हसणं बंद झालं. तुमसरच्या रंगवाल्याशी भांडून आला, जेवण कमी झालं, खोकला लागला. तपासणी जवळ येत होती.

शेवटची भेट त्याच दिवसांतली. मी गेले तेव्हा तो एकटाच बोटीशी होता. त्याने नखाने एक फोड फोडला आणि रंगाचा तो पापुद्रा माझ्या नाकाशी धरला. मोहाच्या बियांच्या तेलाचा वास मला लगेच ओळखू आला.

इथे मला आमची वहिनी सांगायला हवी. तिचं माहेर नदीवरचं, मासेमारी करणाऱ्यांचं. त्यांच्यात लाकडी डोंगा पाण्यात घालण्याआधी घरच्या बाईने त्याच्या उघड्या अंगाला हे तेल चोळायचं असतं. लाकूड तेल पितं, टिकतं. मोटारबोटीआधी आमच्याकडेही डोंगा होता, लग्नानंतर त्यालाही तीच तेल लावायची. एका वर्षी ती बाळंतपणाला माहेरी होती, तेल राहिलं, आणि त्याच वर्षी डोंगा उलटून आमचा धाकटा भाऊ रमेश बुडाला. आईच्या तोंडून एकदाच निघालं, ‘यंदा तेल नाही लागलं.’ आई पुढे ते विसरली असेल. वहिनी विसरली नाही. फायबर तेल पीत नाही, तेल नुसतं वर बसतं, रंगाला धरू देत नाही, हे तिला कोण सांगणार? भाऊने रंग खरवडला, की ती पहाटे उठून उघड्या बुडाला तेलाचा हात लावून यायची. आणि हे कळल्यापासून भाऊ तिच्या नकळत थिनरने ते पुसत बसायचा. कुठेतरी राहूनच जायचं.

मी म्हटलं, सरळ सांगून का टाकत नाहीस? किंवा रंगानंतर लाव म्हणावं.

‘मंग ते इचारन, काहून? अन् सांगा लागन, का तुह्या तेलानंच बोट बसली.’ त्याने तो पापुद्रा बोटांत चुरला. ‘रमेश गेल्यापासून ते मले पाण्यात जाऊ देते, ते या तेलाच्या भरोशावर. तेवढं बी काढून घेऊ काय तिच्यापासून?’



तेरवीनंतर वहिनीने ठरवलं, बोट आपण चालवायची. घरात दुसरं काही नव्हतंच. ती स्वतः खरवडायची लोखंडी पत्री घेऊन रंग काढायला बसली, आणि पहिल्याच पापुद्र्याशी थांबली. त्या वासावर ती लहानाची मोठी झालेली. संध्याकाळी तिने मला विचारलं, ‘बाई, त्याइले मालूम होतं?’ मला खोटं बोलता आलं नाही. ती रडली नाही. उठून गाईला पाणी दाखवून आली.

हे लिहू का, असं मी तिला विचारलं आहे. ‘लिवा,’ म्हणाली, ‘पण मले वाचवाले जाऊ नोका, तेलाचं बी लिवा.’

या खेपेला तिने साबणाने, मग थिनरने बूड दोनदोनदा धुतलं. तेलाची बाटली घरातून हलली नाही. गावातल्या दोघांनी रंग दिला. परवा तपासणी झाली. साहेबांनी वाकून बुडावरून हात फिरवला, रंग चांगला बसलाय म्हणाले आणि सही केली. लोक पांगले. वहिनी तिथेच उकिडवी बसली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू तळवा फिरवत गेली, निळ्या गुळगुळीत रंगावरून, जणू काही हरवलेलं शोधत होती. मी जवळ गेले.

‘एक तरी फोड याले पाह्यजे होता, बाई,’ ती म्हणाली.