पिसांचा मुकुट आणि मधली खुर्ची

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी वालचंदनगरच्या एका छोट्या वाचनालयात ग्रंथपाल होते. इरोक्वॉय या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवरचं एकच पुस्तक आमच्याकडे होतं. तालुक्यातले इतिहासाचे एक प्राध्यापक ते व्याख्यानासाठी घेऊन गेले आणि महिनाभरानं परत केलं. पानं कोरी करकरीत. तीन आठवडे अमेरिका पाहून आल्यापासून सरांना वाचायची गरज उरली नव्हती.

व्याख्यान डाळज गावात होतं. मीही गेले. सर डोक्यावर पिसांचा भलामोठा मुकुट घालून उभे राहिले आणि इरोक्वॉय कसे तंबूत राहत, रानरेड्यांमागं घोडे पिटाळत, हे रंगवून सांगू लागले. तंबू, घोडे आणि तसला मुकुट, सगळं दुसऱ्याच मुलखातल्या लोकांचं. तरी लोक टाळ्या वाजवत होते.

व्यासपीठावर राखीव जागेवरून निवडून आलेल्या सरपंचबाई होत्या, धनगराघरच्या. त्या कडेला अवघडून बसलेल्या. मधल्या खुर्चीत त्यांचे यजमान. "सरपंच या नात्यानं मी सरांचे आभार मानतो," असं ते बोलले, आणि कुणाला काही वावगं वाटलं नाही.

मला राहवलं नाही. उठून म्हणाले, "सर, हे लोक झाडाच्या सालीनं मढवलेल्या लांबच लांब घरांत राहत. मका, घेवडा, भोपळा एकाच शेतात लावत. घर आणि शेत बायकांचं, कूळ आईचं. कुळाचा प्रमुखसुद्धा वडीलधारी बाईच नेमायची."

सर मायेनं हसले. तसं हसणं मला शिवीपेक्षा झोंबतं. "बाई, तुमचं पुस्तकी ज्ञान. मी पाहून आलोय."

"मुकुट कुठं घेतलात?"

"विमानतळावर," ते सरळपणे म्हणाले. मागं दोघंतिघं हसले. सरांना कारण कळलं नाही.

तेवढ्यात सरपंचबाईंनी मला विचारलं, "त्या बायांनी नेमलेला मानूस नीट वागला न्हाय, तर?"

"तीन वेळा ताकीद देत. मग पद काढून घेत."

"आन् त्यो ऐकायचा?"

"ऐकावंच लागे."

बाई यजमानांकडं वळल्या. "आवं, खुर्ची सोडा. ही पहिली ताकीद."

यजमान हसले. "चेष्टा करतीय."

"ही दुसरी."

मग कुणी हसेना. गाव बघतंय म्हटल्यावर यजमान उठले. बायकोच्या मानासाठी नव्हे, स्वतःच्या लाजेपोटी. बाई मधोमध बसल्या, पदर सारखा केला आणि सरांना म्हणाल्या, "बोला म्होरं."

सर पुन्हा घोड्यांवर आले.

पुढं ग्रामपंचायतीच्या कागदांवर बाई स्वतः वाचून सही करू लागल्या, असं कानावर आलं. यजमान मात्र भिगवणच्या बाजारात स्वतःला सरपंचच म्हणवून घेत राहिले, आणि शहाणी म्हणवणारी माणसंही त्यांना 'या सरपंच' म्हणत चहा पाजत राहिली.